अक्काची गाठ

बंगळूर, ४ मे १९८७

ती. सत्यभामाअक्कास उत्तरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तू दुष्काळी कामावर तलावाची माती उचलतेस, टँकर तीन दिवसांआड येतो, हे दाजींच्या पत्रातून कळलं. अक्का, मला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. अंतराळयानातली तारांची जुडी हादऱ्यानं सैल व्हायची. ती होऊ नये अशी गाठ मी बसवली. वीस तारखेला दिल्लीत समारंभ आहे.

पण गाठ तुझी आहे. शाळेच्या सुट्टीत मी तुझ्याकडं सहकारी साखर कारखान्यावर ऊसतोड्यांच्या अड्ड्यावर यायचो, तेव्हा उसाची मोळी शेंड्याच्या हिरव्या वाढ्यानं बांधताना तू पीळ देऊन टोक उलटं आत खोवायचीस. बाकीच्यांच्या मोळ्या बैलगाडीत उकलायच्या, तुझी कधीच नाही. अर्जात विचारलं होतं, कल्पना कुणाची. मी ‘स्वतःची’ लिहिलं. ऊसतोडीचं नाव काढायची लाज वाटली गं. आता घास उतरत नाही. खरं सांगू, की राहू दे?

तुझ्या मायेला अजून लायक आहे का, कळव.
उत्तरेश्वर

वडवणी, ११ मे

चि. उत्तरेश्वरास सत्यभामाचे अ. उ. आ.

चौथीपत्तुरचं लिवणं हाय, संबाळून घे. तुजं पत्र यायच्या आदीच भगवानराव गुरुजींनी कामावर पेपर दावला. तुजा फोटू, हातात जुडी. म्या म्हणलं, आगं बया, ही तर माजी गाठ! बाया लई हसल्या. भिवराबाई म्हणली, उद्या आभाळातलं इमान बी मीच केलं म्हणशील. तवापासनं मला ‘इमानवाली’ म्हणत्यात. मुकादम बी.

गाठ घे की रं, कोण न्हाई म्हणतंय? तू शिकावंस म्हणून कोयता धरला, तवा कुरकुर केली न्हाई. पण मी खोटी न्हाई. मला खोटी का म्हून पाडलंस? दिल्लीत समद्यांम्होरं सांग. आन् नीट जेव, फोटूत लई वाळलाला दिसतूस.

माया हाय तशीच हाय, येड्या.
अक्का

दिल्ली, २१ मे

ती. अक्कास शि. सा. न.

नाही सांगितलं. पदक घातलं, टाळ्या झाल्या. एका वार्ताहरानं नेमकं तेच विचारलं, ही गाठ सुचली कशी. तुझं नाव ओठावर आलं आणि मी म्हणालो, सहज सुचली. थू माझ्या जिंदगीवर!

आज सकाळी पुरस्कार समितीला खरं लिहून दिलं. पदक काढून घेतलं तर घेऊ देत. मी आठ दिवसांत येतो, पण तोवर थांबू नकोस. हे पत्र गुरुजींकडून कामावर, भिवराबाईसमोर, मोठ्यानं वाचून घे. गाठ सत्यभामेची आहे. खोटं बोलला तो तिचा भाऊ.

लोभ असावा, असं लिहायला आज हात धजत नाही.
उत्तरेश्वर