मंगळवारी पाठवलेला मेसेज

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ही अकरा वर्षं मी आत्याशी जेवढ्यास तेवढं बोलले, कारण हॉस्पिटलमध्ये तुम्ही दोन दिवस तिच्या फोनची वाट पाहिलीत आणि तिनं तो केला नाही. चूक माझी होती, हे मला मागच्या रविवारी कळलं. येत्या रविवारी मी तिला ते सांगणार आहे. सांगताना काही गाळलं जाऊ नये म्हणून आधी तुम्हाला लिहून बघते.

लिहायला मला तुम्हीच शिकवलंत. कॅनडात, सस्काटूनमधला आपला पहिला हिवाळा. आई दिवसभर कामावर, तुमची शिफ्ट संध्याकाळची, माझं शाळेत नाव घालायचं अजून राहिलेलं. बेसमेंटमधल्या किचनची छोटी खिडकी कुकरच्या वाफेनं धुरकटलेली असते आणि तुम्ही माझ्याकडून दर आठवड्याला अकोल्याच्या आत्याला पत्र लिहून घेता. मी लिहिते, 'इथे खूप खूप थंडी आहे.' तुम्ही दोन्ही 'खूप' खोडता. "आकडा लिही. उणे एकतीस. जे आहे तेच लिहायचं. वाचणाऱ्याला कळतं." वाचणाऱ्याला कळतं, यावर मी फार विसंबून राहिले.

त्या मंगळवारी मी एकोणीस वर्षांची होते. डॉक्टर बोलून गेल्यावर आई तुमच्यापाशी बसली आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहून आत्याला मेसेज केला, 'बाबांची प्रकृती गंभीर आहे. लगेच निघायचं बघ.' पाठवण्याआधी तीनदा वाचला. एकही शब्द जास्तीचा नव्हता. तुम्ही शुद्धीत होतात, बोलत होतात. बुधवारी आईनं डब्यातून आणलेला वरणभात दोन चमचे खाल्लात. गुरुवारी संध्याकाळी गेलात.

मागच्या रविवारी आत्या फोनवर म्हणाली, "आज तुझ्या बाबाच्या नावानं पान वाढलं. तिथी होती."

"तिथी परवा आहे, आत्या."

"मला नको शिकवू तिथ्या! तू मंगळवारी कळवलं, तीच धरते मी."

"मंगळवारी मी सिरियस आहेत एवढंच कळवलं होतं."

"हो ना, मग? 'लगेच निघ' असं जित्या माणसाबद्दल कोणी कळवते काय? आमच्या वेळी तारेत असंच यायचं. गेल्याचं लांबून कोणी कळवत नसे, घरी पोचल्यावर सांगत. मग मी फोन करून काय विचारणार? तुझी आई गुरुवारी बोलली, तोवर माझी सुतकाची आंघोळही झाली होती. मी तर साऱ्यांना सांगत होते, पोर परदेशात वाढली, पण किती रीतीनं कळवलं!"

दारात कोणीतरी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दारात कोणी नव्हतं.

मग आठवलं. मी आठ वर्षांची असताना आत्याचाच फोन आला होता, आजी सिरियस आहे, निघ. तुम्ही स्टोव्ह बंद केलात आणि आंघोळीला गेलात. बाहेर आल्यावर मी विचारलं, आजी बरी होईल ना? तुम्ही 'हो' म्हणालात. बाबा, तुम्हाला कळलं होतं. मग मला का नाही सांगितलंत? या आठवड्यात दोन दिवस मी तुमच्यावर रागावले होते. नंतर वाटलं, यात शिकवण्यासारखं काही आहे हे तुमच्या मनातही आलं नसेल. तार कशी वाचायची ते तुम्हाला तरी कोणी बसवून शिकवलं होतं? तुम्ही त्या घरात वाढलात आणि मी या, एवढंच.

आईला सांगितलं तेव्हा ती ग्रोसरी लावत होती. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला आता हे कशाला? झोप उडेल तिची."

"भाऊ जिवंत होता ते दोन दिवस तिचेही होते, आई."

"तुझं ना, सगळं बाबांवर गेलंय," म्हणाली, आणि कोथिंबीर तशीच ओट्यावर ठेवून आत गेली.

तरी मी सांगणार आहे. हल्ली फार्मसीत गोळ्या देताना मी प्रत्येकाला विचारते, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. म्हातारे शेतकरी वैतागतात, पण सांगतात. आत्यालाही विचारेन. तुम्ही दोन दिवस होतात, तिची वाट पाहत होतात, आणि तिनं फोन केला नाही तो माझ्यामुळे, हे तिच्या तोंडून नीट ऐकल्याशिवाय फोन ठेवणार नाही. ती रडेल. रागावलीच तर रागावू दे, मी ऐकून घेईन.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून राहिलेलंही लिहिते. बुधवारी तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, ताईचा फोन आला का? मी म्हणाले, "आला होता बाबा. तुम्ही झोपला होतात."

"काय म्हणाली?"

ते मी ठरवलेलं नव्हतं. "'काळजी घे, लवकर बरा हो,' म्हणाली."

तुम्ही डोळे मिटलेत. थोडं हसलात. "ताई असं बोलत नाही," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही फोनचं विचारलं नाहीत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.