देवगडला बसवलेला कमोड

ऊद मेथा, शुक्रवार, ११ जून १९९९

आज आईला सांगायचंच, असं ठरवून फोन लावला. इथून आखातातून दरवर्षी सुट्टीला जायचं म्हणजे आईकडे देवगडला, हे आजवर बोलावंही लागलं नव्हतं. यंदा आम्ही स्पेनला चाललोय. ग्रॅनडाच्या राजवाड्याची तिकिटंसुद्धा सुधीरने काढली. मीच त्याच्या मागे लागले होते. हौदाच्या पाण्यात उलटा दिसणारा तिथला बुरूज किती दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवलाय मी.

पण मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "अगं, सईसाठी कमोड बसवून घेतला." गेल्या वर्षी सई तिथल्या संडासात जायला घाबरायची, रोज रडायची. आता काय सांगणार? नुसतं "बरं केलंस" म्हटलं. सुधीर समोरून खुणा करत होता, सांग, सांग. तेवढ्यात सईने रिसीव्हर ओढून घेतला. "आजी, वी आर गोइंग टू स्पेन."

रिसीव्हर माझ्याकडे आला तेव्हा आई म्हणाली, "जाऊन या. हेच वय असतं बघायचं." आवाज अगदी नेहमीसारखा. नेहमीसारखा का? चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुधीर म्हणतो, सांगून झालं ना, खलास. आता कॉर्दोबाच्या मशिदीतल्या लाल-पांढऱ्या कमानी दाखवतोय. सुंदरच आहेत. मला मात्र तो कमोड दिसतोय. फोन ठेवताना आई म्हणाली, "त्याच्यावरचं प्लास्टिक सईच्या हातून काढायचं होतं. राहू दे मग तसंच."