नऊ तुकडे आणि माझा डावा हात

३ नोव्हेंबर १९४६, रविवार
उपासना सुटल्यावर मडमसाहेबांना गाठलं. त्यांच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत पियानो शिकवायला माणूस हवाय. म्हटलं, मी आहे की! बारा वर्षं आमच्या ख्रिस्ती देवळात पेटी वाजवतोय, पियानो म्हणजे तिचाच थोरला भाऊ. त्यांनी एक पुस्तक दिलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन साहेबाचे नऊ छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक चित्र. तीस तारखेला परीक्षा. रोज एक बसवला तरी बारा तारखेला मी मोकळा.

४ नोव्हेंबर
केडगावच्या शाळेत राजीनामा देऊन टाकला. हेडमास्तर यशयाराव म्हणाले, अहो, आधी परीक्षा तर होऊ द्या. माणूस सज्जन, पण कलेतलं काही कळत नाही.

९ नोव्हेंबर
मिशनच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. उजवा हात झकास पळतो. डावा मात्र आपोआप मागं जातो आणि भाता मारतो. पियानोला भाता नाही. सवय, दुसरं काय! किरकोळ बाब.

१३ नोव्हेंबर
एक तुकडा बसला. अर्धा. पण वाजवायचं काय, कुणीही वाजवेल. खरं काम अर्थ लावण्याचं. नावं सगळी जर्मनमध्ये, म्हणजे तेही माझ्याच गळ्यात. चौथा तुकडा उघड उघड सुप्याहून येणारी बैलगाडी आहे. बैल उधळलेत. जोरात ठोकायचा.

१८ नोव्हेंबर
मरियमला डाव्या बाजूला बसवलं. डाव्या हाताचं ती बघते, उजव्याचं मी. बायको मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, नोटेशन वाचता येतं. दोन दिवसांत सगळी डावी बाजू बसवली. ती बाजू सोपीच असते. म्हणाली, अहो, चौथा जरा हळू घ्या ना. मी नुसता हसलो.

२५ नोव्हेंबर
दूधवाल्या लंकाबाई हॉलच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, मास्तर, लई ग्वाड वाजतंय, पर तुमी मधीमधी बाईला का आडवता? बिचारीला काय सांगणार!

३० नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
मडमसाहेब म्हणाल्या, एकट्यानं वाजवा. चौथा घेतला. बैल सोडले. डावा हात हवेत भाता मारतोय तो मारतोयच. त्यांनी विचारलं, हात दुखतोय का? मग म्हणाल्या, या तुकड्याचं नाव 'झोपलेलं बाळ'.

मग त्यांनी मरियमला बसवलं. दोन्ही हात. नऊच्या नऊ तुकडे. बोर्डिंगात असताना सहा वर्षं शिकली होती म्हणे. मला बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत? नोकरी तिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं लिहितो, चौथा वाजवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाळ खरंच झोपलं होतं.

२ डिसेंबर, सोमवार
काल देवळात यशयाराव भेटले. राजीनामा परत मागितला. जागा भरली म्हणाले.

आज आठला मरियम शाळेत गेली. नवं लुगडं, हातात पुस्तक. सगळी गल्ली बघत होती. जाताना म्हणाली, चुलीवर डाळ टाकलीय, लक्ष ठेवा. म्हटलं, त्यात काय अवघड! तिला उपयोग होईल म्हणून सातव्या तुकड्याचा अर्थ लिहायला बसलो.

साडेदहा
डाळ करपली.