पाहुण्यांचं पाणी

चाकणजवळून

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

आम्ही मजेत आहोत. यांना कंपनीने अजून ठेवलंय, तेव्हा काळजी नको. चाळीत नळ नाही, एवढंच.

त्यासाठीच काल आम्ही बायका ग्रामसभेला गेलो. सरपंच म्हणाले, "गावकऱ्यांनो आणि चाळीतल्या पाहुण्यांनो!" माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हणाले, "पाहुणे म्हणता, मग साधं पाणी तरी विचारलंत का?" सगळी सभा हसली. आमच्या घरमालकीण गोजाबाई, त्या इथल्याच, ओरडल्या, "खरं हाय पोरीचं!"

नळाचा ठराव झाला. नळ येईल तेव्हा खरं. पण आभार मानताना सरपंच सगळ्यांना मिळून नुसतं "गावकऱ्यांनो" म्हणाले.

तुझा गुडघा कसा आहे? नळ आला की ये. आता इथली पाहुणी तू.

तुझी तनुजा