ताटात उरलेला बोल्ट

तीर्थरूप मामांस,

हात ग्रीसने भरलेले असल्यामुळे दुरूनच नमस्कार. (धुऊनच लिहायला बसलो होतो, पण कागदाच्या कोपऱ्यावरचा अंगठा पाहिलात की कितपत धुतले ते कळेल.) तुमची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघा सकाळी धरतो की संध्याकाळी, जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्हीच नीट लिहा. तुमच्या लेकाला, दादाला, फोनवर विचारावं तर तो नुसतं 'बरे आहेत' म्हणतो, आणि तसं तो स्वतःच्या स्कूटरबद्दलही म्हणायचा, ती ढकलत आणेपर्यंत. वहिनींना नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील अजून मिळालेलं नाही. लागोपाठ तीन पत्रांत तुम्ही तेच विचारलंत, तेव्हा तुम्ही डोळे लावून बसला आहात हे मला समजतं. पण त्याबद्दल शेवटी. आधी गेल्या रविवारी काय झालं ते सांगतो, कारण ते सांगण्याजोगं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं नाही.

तुम्ही दुकान माझ्या हवाली केलंत तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमन, पेपर टाकणारे आणि कारखान्यात पाळीला जाणारे. त्यांना सायकल चालली की पुरे असायचं. आता जे सायकल मंडळ निघालं आहे त्यातल्या लोकांना कुठेही जायचं नसतं आणि तरी ते पहाटे पाचला निघतात. आमचे दंतवैद्य घ्या. सायकलीचं वजन पावशेराने कमी व्हावं म्हणून त्यांनी सीटचा दांडा परदेशातून मागवला, आणि तो बसवून घेताना माझ्या स्टुलावर बसले तेव्हा स्टूल रडलं. (याच दंतवैद्यांना मी एकदा सांगितलं होतं की डॉक्टर, तुमच्या दोन्ही कुत्र्यांचे दात झिजलेत. ते म्हणाले, मी फक्त माणसांचे बघतो. मग त्यांना फ्रीव्हील उघडून दाखवावं लागलं, की पेडल मारल्यावर चाकाला धरून पुढे नेणारे हे जे दोन इवलेसे पोलादी तुकडे, त्यांना आमच्या धंद्यात कुत्रे म्हणतात, आणि ते नसले तर माणूस जागच्या जागी पेडल मारत बसतो. त्यांनी ते चिमट्यात धरून इतक्या मायेने पाहिले की मला त्यांच्या पेशंटांबद्दल बरं वाटलं.) दुसरे एक आहेत त्यांना सगळे 'हवामान' म्हणतात. पाऊस येणार की नाही हे ते रोज सांगतात आणि आम्ही रोज उलट तयारी करतो. आणि तिसऱ्या आपल्या गणिताच्या बाई. मला सातवीत दोनदा नापास करणाऱ्या, त्याच. आता निवृत्त आहेत, त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, आणि उतारावर मंडळात सगळ्यांच्या पुढे असतात. ब्रेक हा भित्र्यांसाठी असतो असं त्यांचं मत आहे. हे मत पुढे लक्षात ठेवा.

तर रविवारी मंडळाची टेकडीवरच्या तलावापर्यंत मोठी फेरी होती, आणि शनिवारी सात सायकली एकदम माझ्याकडे आल्या. तुमचा नियम मला पाठ आहे, मामा: एक सायकल, एक ताट, आणि संध्याकाळी ताट रिकामं. जेवणाच्या ताटात टाकायचं नाही आणि कामाच्या ताटात उरवायचं नाही. मामींचं ते कडेला टवका गेलेलं पांढरं ताट अजून मी तेवढ्याचसाठी वापरतो. (ते कपाटामागे पडलं असणार असं मामी शेवटपर्यंत समजत होत्या. त्यांना सांगायचं धाडस तुमच्यात नव्हतं आणि माझ्यात तर मुळीच नव्हतं.) पण सात सायकली आणि एक माणूस. मी घाई केली. एकाच ताटात सगळ्यांचे बोल्ट टाकत गेलो, काढत गेलो, बसवत गेलो, आणि संध्याकाळी सायकली गेल्यावर ताटाकडे न बघता शटर ओढलं. पस्तीस वर्षांत तुम्ही जे एकदाही केलं नाहीत ते मी केलं.

रविवारी आठला दुकान उघडलं आणि पाहतो तर ताटाच्या मधोमध एक बोल्ट. चार नंबरच्या षटकोनी ॲलन चावीने फिरणारा, नखाएवढा. आता हा बोल्ट कुठला हे तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण नव्या सायकलींत तो सगळीकडे असतो. ब्रेकची तार तोच धरतो, हँडल तोच धरतो, मडगार्ड तोच धरतो आणि पाण्याच्या बाटलीची जाळीही तोच धरतो. म्हणजे तो नसला तर माणूस एक तर तहानलेला राहतो किंवा दरीत जातो. सात माणसं टेकडीवर होती, तासाभरात खाली उतरणार होती, सगळ्यांच्या पुढे बाई असणार होत्या, आणि त्यांच्या ब्रेकमधला नाही तर हँडलमधला बोल्ट कदाचित माझ्या तळहातावर होता.

फोन केले. कोणी उचलेना, कारण सायकलवर फोन घ्यायचा नाही हा नियम मंडळाने माझ्याच सांगण्यावरून केला आहे. मग त्यांच्या ग्रुपवर संदेश टाकला. घाईघाईत जे लिहिलं गेलं ते असं: 'सगळ्यांनी थांबा. ब्रेक लावू नका.' हे एकाच वेळी कसं करायचं याचा विचार मी केला नव्हता. दोघांनी अंगठे पाठवले आणि हवामान यांनी कळवलं की वर ऊन छान पडलं आहे. त्यावर मी माझी स्वतःची सायकल काढली आणि बोल्ट शर्टाच्या खिशात टाकून निघालो.

मामा, माझं वय एकावन्न. दिवसभर सायकलींत असलो तरी सायकलवर मी फारसा नसतो. पहिल्या चढालाच छातीचा भाता झाला. त्यात काहीतरी सारखं करकरत होतं, मी समजलो माझा गुडघा. (तुमच्या गुडघ्याची आठवण तिथेच आली, म्हणून वर इतकं विचारलं आहे.) तो चढ संपल्यावर, टेकडी लागायच्या आधी, पुलाकडे जाणारा तो लांब उतार येतो, मला सायकल शिकवताना तुम्ही जिथे पहिल्यांदा सीट सोडून दिली होतीत तो. तिथे मी ब्रेकला हात लावला नाही. वेळ वाचवायचा होता. वारा कानात घुसत होता, करकर वाढली होती, आणि मी मनाशी म्हणत होतो की देवा, माझा गुडघा गेला तर जाऊ दे, पण बाईंना काही होऊ देऊ नकोस. नापास केलं असलं तरी सायकल दुसऱ्या कोणाकडे त्यांनी कधी दिली नाही. मंडळातल्या अर्ध्या लोकांना त्या चकाचक नव्या शोरूममध्ये जायचं होतं, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या की आपला माणूस बरा.

तलावाच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा मंडळी केळी खाऊन, फोटो काढून निघायच्या बेतात होती आणि बाईंचा एक पाय पेडलवर होता. मी सायकल रस्त्यात आडवी घातली आणि बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. शेवटी खिशातून बोल्ट काढून वर धरला. त्यांना वाटलं मला काही बक्षीस मिळालं आहे. दम परत आल्यावर मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग साती सायकली गवतावर उलट्या केल्या आणि एकेक बोल्ट चावी लावून पाहिला. ब्रेक पाहिले, हँडलं पाहिली, मडगार्डं, जाळ्या, सीटा, सगळं. पाऊण तास गेला. दंतवैद्य घड्याळ बघत होते. हवामान म्हणाले ढग येतील. एकही बोल्ट कमी नव्हता. एकही नाही, मामा. मी तिथेच गवतावर बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वारा छान होता, तलाव छान होता, दंतवैद्यसुद्धा छान दिसत होते.

मग हा बोल्ट कुणाचा, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं असेल कुठला तरी जुना, आणि उठून माझी सायकल हातात घेतली. ती करकरली. बाई जवळ आल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्या हँडलकडे वाकून पाहिलं. सातवीत वही तपासताना पाहायच्या, तसंच.

"इथे भोकं चार आहेत," त्या म्हणाल्या, "आणि बोल्ट तीन. आता वजाबाकी कर."

झालं होतं असं की शनिवारी बाईंच्या हँडलला नवा बोल्ट द्यायचा होता. मापाला म्हणून मी माझ्या सायकलीचा एक काढला, ताटात टाकला, डब्यातला नवा बाईंना बसवला, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, आणि माझा ताटातच राहिला. उरलेल्या तिघांपैकी एक दीड आटे बाहेर आला होता. म्हणजे त्या सबंध टेकडीवर धोक्यात असलेला माणूस एकच होता, आणि तो बाकीच्यांना वाचवायला भरधाव निघाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण असा वळसा चढासकट कोणी घातला नसेल. मंडळी इतकी हसली की हवामान यांना ठसका लागला. बाईंनी माझ्याच चावीने तो बोल्ट स्वतः बसवला, माझ्यापेक्षा बरा, आणि परतताना मला मध्ये घालून सगळे हळूहळू उतरले. बाईंनी ब्रेक लावले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मी सुखरूप आहे, दुकान सुखरूप आहे, आणि शोरूमचं नाव आता कोणी काढत नाही. बोल्ट उरला तर आठ मैल मागे येणारा मेकॅनिक शोरूममध्ये मिळत नाही असं दंतवैद्य सगळ्यांना सांगतात. (तो बोल्ट कुणाचा होता हे ते सांगत नाहीत. भला माणूस.) आता रोज संध्याकाळी ताट पाहतो, मगच शटर. काळजी नसावी.

तुमचा भाचा,
जो तुम्ही शिकवलेलं विसरला होता आणि आता नाही

ता. क. तुमच्या भाचेसूनबाई शेजारी उभं राहून लिहायला लावताहेत की बोल्ट विसरला नव्हता, दिसला नव्हता. वर्षभर चष्म्याचं टाळत होतो. परवा करून आणला. त्यातून पहिल्यांदा दुकान पाहिलं, आणि ते इतकं अस्वच्छ आहे हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. (भाचेसूनबाई म्हणतात, सांगितलं होतं.)

ता. क. २. त्या आत गेल्या, आता खरं लिहितो. तुमचं फ्रीव्हील झिजलेलं नाही. गेल्या वर्षी तुम्ही कोपऱ्यावर पडलात त्यानंतर दादाने मला बोलावून घेतलं होतं आठवतं? तेल देतो म्हणून मी बाल्कनीत तासभर बसलो होतो. तेल दिलं नाही. दादा घाबरला होता, वहिनी रडत होत्या, मीही घाबरलो होतो, मामींच्या मागे तुम्हीच आहात आम्हाला. मी तुमच्या फ्रीव्हीलचे दोन्ही कुत्रे काढून घेतले आणि खिशात टाकून आलो. तुम्ही लिहिलंत, कुत्रे गेले असावेत, सायकल आणि मी एकदमच निकामी झालो. तेव्हा मी उत्तर दिलं की जुनं माप आहे, बाजारात मिळत नाही. हे खोटं होतं. ज्यांच्या सायकलीतून काहीच गेलं नव्हतं त्यांच्यासाठी मी टेकडी चढलो, आणि ज्यांच्या सायकलीतून मी जाणूनबुजून काढलं त्यांना वर्षभर थापा मारतो आहे, हे परतीच्या उतारावर माझ्या लक्षात आलं. तुम्ही निकामी झालेले नाहीत, मामा. मला माफ करा. कुत्रे या पाकिटात घालतो आहे. फ्रीव्हील उघडायला लागणारा पंच दादाच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात आहे, तोही मीच लपवला होता. दादाला आत्ताच सांगू नका. मी येऊन सांगतो आणि शिव्या मी खातो.

ता. क. ३. पाकिटात घालायला म्हणून कुत्रे ठेवलेली डबी ताटात उपडी केली, तर चष्मा लावूनसुद्धा एकच कुत्रा आहे. दुसरा शोधतो आहे. एका कुत्र्यावरही चाक फिरतं हे तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा तुम्ही दुसऱ्याची वाट बघणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान ब्रेकचे बोल्ट मोजून मग निघा.