वाफेच्या व्हॉल्व्हला जाकीट

३ तारीख, शुक्रवार
ही रोजनिशी नव्या वर्षापासून लिहायची होती. मग नव्या नोकरीपासून. मग वाढदिवसापासून, पण त्या दिवशी फोन एकट्या ताईचाच आला आणि मूड गेला. आजपासून मात्र पक्कं. कारण आज आयुष्याला दिशा मिळाली.
आमच्या ज्यूस फॅक्टरीच्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की वीज आणि वाफ फार वाया जाते. जो वाचवायची चांगली युक्ती काढेल त्याला मेंटेनन्समध्ये कायम करणार. बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ आहे, पण तो योगायोग.
ताईला फोन केला. एनर्जीचं सगळं माझ्याकडे आलंय म्हटलं. ती म्हणाली, आधी टिकून दाखव. आधीच्या नोकऱ्या मी स्वतः सोडल्यात. एक सोडून.

४ तारीख
रात्रीचे साडेबारा. संकल्प: आज पहाटे उठून बॉयलरचं पुस्तक वाचायचं.

४ तारीख, सकाळ, बरीच उशिरा
उठलो. पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर बॉयलरशेजारी उभ्या माणसाचं चित्र आहे. मिशी छान आहे त्याची. आपल्याला शोभेल का, हे बघण्यात आरशासमोर वेळ गेला. फॅक्टरीत उशीर.

६ तारीख
हवेच्या पाइपांतून हवा गळते. कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो, वीज जाते. शोधायचं कसं, तर जोडांवर साबणाचं पाणी लावायचं; बुडबुडे आले की गळती. दिवसभर तेच केलं. एका जोडावर तर केवढा मोठा फुगा आला! त्यात खिडकी दिसत होती, उलटी. संध्याकाळी बॉयलरवाल्या काकांनी विचारलं, गळती कुठेकुठे सापडली. खूप ठिकाणी, म्हणालो. खुणा करायचं राहिलं. काका म्हणाले, म्हणजे तू पाइप धुतलेस.

७ तारीख
जेवणाच्या सुट्टीत युक्ती सापडली! सविस्तर लिहितो.
बाटल्या धुतात त्या हॉलबाहेरच्या बोळात वाफेचा एक मोठा व्हॉल्व्ह आहे. नागडा. सगळ्या पाइपांना कापसासारखं जाड आवरण आहे, फक्त याला नाही. त्यावर कुणीतरी पत्रा ठेवलाय. दुपारी सगळे आपापले डबे त्या पत्र्यावर गरम करतात आणि तिथेच खोक्यांवर बसून जेवतात. मी पाव घेऊन जातो, निरीक्षणासाठी. पॅकिंगवाल्या मावशी मला ऊर्जामंत्री म्हणतात. आज म्हणाल्या, मंत्रीसाहेब, सरका जरा, तुमच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. मग माझ्या पावावर भाजी वाढली. रोजच वाढतात. माझ्याबद्दल आदर आहे.
तेवढ्यात लक्षात आलं: एवढे डबे उकळतात, म्हणजे केवढी उष्णता फुकट चाललीय! या व्हॉल्व्हला जाकीट घालायचं.
ताईला ही गरम जागा सांगितली. सगळे कसे जमतात, मी कसा मधोमध असतो. ती म्हणाली, बरं वाटलं रे, मला तीच काळजी होती.

१० तारीख
युक्ती साहेबांना दिली. काका म्हणाले, अरे शहाण्या, मागच्या बाजूला उघडे व्हॉल्व्ह ढीगभर आहेत, तिकडे घाल जाकिटं, हा एवढा राहू दे. जळतात लोक. मोठ्या माणसाला हे सोसावंच लागतं.

१४ तारीख
जाकीट आलं. चंदेरी, पट्ट्यांचं. मीच घातलं, पत्रा परत वर ठेवला. वरून हात लावला, तर जेमतेम कोमट. साहेबांनी टाळी वाजवली. फोटो निघाला. त्यात व्हॉल्व्ह पूर्ण आलाय आणि माझं कोपर. जाकिटावर साहेबांनी चिठ्ठी चिकटवली: काढू नये.

१५ तारीख
मावशींनी डबा पत्र्यावर ठेवला. थांबल्या. झाकणाला हात लावून बघितलं. म्हणाल्या, मंत्रिमहोदय, पगार तुमचा वाढेल, आमचं जेवण गार झालं. काका डबा घेऊन बॉयलरपाशी गेले, मावशी आणि मंडळी पॅकिंगमध्ये. माझं काम शांतपणे चालावं म्हणून असणार.
पाव खाल्ला. कोरडा होता.

१८ तारीख
कायम झालो!!! ताईला कळवलं. तिने विचारलं, मग आज सगळ्यांनी काय केलं तुझ्यासाठी. जागा अपुरी पडली, म्हणालो. बोळात मी एकटाच होतो, म्हणजे गर्दी नव्हती, एवढाच फरक.

२० तारीख
संकल्प: रोज एक मित्र करायचा. सुरुवात वॉचमनपासून. तो फोनवर होता. मी थांबलो. त्याने फोन ठेवला आणि दुसरा लावला. उद्या.
बोळ आता गारच असतो. जाकीट उत्तम बसलंय यात वाद नाही.

२२ तारीख
सुचलं! जेवणापुरतं जाकीट काढायचं, मग परत घालायचं. पट्ट्यांचंच तर आहे! पॅकिंगमध्ये जाऊन मावशींना सांगून आलो, उद्या डबे घेऊन या. बघू, म्हणाल्या. त्यांचं बघू म्हणजे हो.

२३ तारीख
सुट्टी व्हायच्या आत एक पट्टी सोडली. दुसरीला हात घातला आणि साहेब पाहुणे घेऊन हजर. म्हणाले, हाच तो मुलगा, बघा कसा रोज पट्ट्या तपासतो. मी पट्टी आवळली. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की यापुढे या जाकिटाची जबाबदारी माझी, कुणालाही हात लावू द्यायचा नाही. मागे मावशी डबा घेऊन उभ्या होत्या. डबा घेऊन परत गेल्या. मंत्रीसुद्धा म्हणाल्या नाहीत.

२४ तारीख, जेवणाची सुट्टी
खोक्यावर बसून लिहितोय. रोजनिशीची सवय लागली हे चांगलं झालं, हात रिकामे राहत नाहीत. सोमवारपासून मिशी. आणि पॅकिंगमध्ये जाऊन...
वॉचमन येऊन गेला. पहिल्यांदाच आपणहून आला. गेटवर ताई आलीय. न सांगता. हातात दोन मोठे डबे आहेत, सगळ्यांना पुरतील एवढे. प्रवासात गार झालंय म्हणतेय, पण हरकत नाही, भावाच्या त्या गरम जागी ठेवू, आणि सगळ्यांना बोलवा. वॉचमन विचारत होता, ती जागा कुठली.