चिकाचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. काटेवाडी.

अजून डोक्यात तो डबाच आहे.

महिनाभर स्वतःला शिस्त लावतेय. चार ते सहा दार बंद, फक्त लिहायचं. परवा शेजारच्या हौसाकाकूंची गाय व्याली. त्या चीक घेऊन आल्या ते नेमक्या माझ्या वेळेत. मी दारातच डबा घेतला, चीक ओतून घेतला, डबा विसळून लगेच परत दिला. वर वेळ वाचवला म्हणून खूश! चिकाचा डबा रिकामा द्यायचा नसतो, गुळाचा खडा तरी घालायचा, हे लहानपणापासून करत आलेली बाई मी.

काल काकू फिरकल्या नाहीत. आज सकाळी गूळ घेऊन त्यांच्या गोठ्यात गेले.

"चुकलं माझं, काकू."

"मला वाटलं, आमचं येणं आता तुला चालत न्हाय."

मग चार ते सहाचं सांगितलं.

"अगं, मग बोलायचं की! मी काय तुझी वही खाते व्हय?" गूळ त्यांनी गायीला भरवला.

वेळ पाळायची आहेच. पण ती पाळताना मी अशी कोरडी का झाले? डबा असा रिकामा कसा दिला?

आत्ता हे लिहितानाच दारातून हाक आली, "वाजलं का गं सहा?"

दहा मिनिटं कमी होती. उठणारच होते. मग म्हणाले, "थोडं थांबता, काकू?"

"थांबते की," म्हणत त्या पायरीवर बसल्या. "लिही तू."